शिसे ओतणारे हात

दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला येणारे एक निवृत्त गुरुजी मे महिन्यात आले, ते मोबाइलवरचा एक फोटो दाखवायला. त्यांचा मुलगा अमेरिकेत, आयडाहो राज्यात नोकरीला आहे. तिथल्या शेजाऱ्यांच्या संगतीने त्याला शिकारीची आवड लागली आणि आता तो रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरीच ओततो. फोटोत मोटारीचे गॅरेज होते. टेबलावर शिसे वितळवण्याचे विजेचे भांडे, शेजारी दोन मुठींचा साचा आणि जुन्या टॉवेलवर ओळीने मांडलेल्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या गोळ्या. टेबलाच्या कोपऱ्यावर चहाचा मग आणि उघडा बिस्किटांचा पुडा. खाली फरशीवर, वडिलांच्या पायाशी, दीड वर्षाची नात बसलेली.

"डॉक्टरसाहेब, काय हात बसलाय बघा पोराचा! दुकानातल्यासारखी गोळी काढतो," गुरुजी कौतुकाने म्हणाले.

माझी नजर मात्र गोळ्यांवर ठरली नाही. ती आधी बिस्किटांवर गेली आणि मग त्या मुलीने तोंडात घातलेल्या मुठीवर.

त्या दिवशी गुरुजींना जे सांगितले तेच आज जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार बंदच झाली. तेव्हा गोळ्या ओतण्याचा छंद आपल्या वाचकांपैकी कोणाला असेल, असे नाही. पण शिसे वितळवणारे हात आपल्या गावातही पुष्कळ आहेत. ओतणारा गोळी ओततो आहे की जाळ्याचे वजन, हे शिशाला कळत नाही.

घरातला कारखाना

अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत परवाना काढून हरणाची शिकार करता येते आणि काहींना ती बंदुकीऐवजी रिव्हॉल्व्हरनेच करण्यात मौज वाटते. त्यासाठी रिव्हॉल्व्हर मोठ्या तोंडाचे लागते. आयडाहोतच आयुष्याचा मोठा भाग काढलेले एल्मर कीथ नावाचे गुराखी-लेखक (१८९९-१९८४) या विद्येचे गुरू मानले जातात. त्यांनी वर्षानुवर्षे लकडा लावल्यावर १९५५ साली 'पॉइंट ४४ मॅग्नम' हे प्रसिद्ध काडतूस बाजारात आले. त्याची गोळी साधारण २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची, चपट्या नाकाची. तिचा भर वेगापेक्षा वजनावर असतो, म्हणून तिला तांब्याचे वेष्टण नसले तरी चालते आणि म्हणूनच ती घरी ओतता येते. विकतच्या गोळ्या महाग पडतात, शिवाय आपल्या हाताने काढलेल्या गोळीचा अभिमान वेगळा. हौसेला मोल नसते, तो भाग निराळा.

भंगारातले शिसे गोळा करायचे. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी रिमला जी वजने ठोकतात ती तिकडे फार काळ शिशाची असत. त्यांना या मंडळींत मोठा मान. दुसरा मान लायनोटाइपच्या धातूला. वर्तमानपत्रे ऑफसेटवर गेली तेव्हा छापखान्यांतले हे शिसे मोडीत निघाले आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी ते हौसेने उचलले. त्यात शंभरातले सुमारे ८४ भाग शिसे, १२ अँटिमनी आणि ४ कथील असते. त्यामुळे गोळी कडक होते व साचा नीट भरतो. ज्या धातूने बातम्या छापल्या त्याच्याच पुढे गोळ्या झाल्या, ही गंमत वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला सांगितल्यावाचून राहवत नाही.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ओतताना ते साधारण ३७० ते ४०० अंशांवर ठेवतात. वितळलेल्या रसात मेणाचा तुकडा टाकून ढवळले की घाण वर येते. ती करडी मळी पळीने काढून टाकायची. मग रस साच्यात ओतायचा, तोंडावरचा जादा तुकडा ठोकून काढायचा आणि साचा उघडून गोळी टॉवेलवर पाडायची.

एवढ्याने काम संपत नाही. साच्यातून निघालेली गोळी केसभर मोठी किंवा किंचित वाकडी असते. ती हाताच्या दाबयंत्राने पोलादी डायमधून ढकलून नेमक्या मापाला आणतात. चव्वेचाळीसच्या गोळीचे माप १०.९ मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यातही मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी चूक खपत नाही. गोळी बारीक झाली तर मागचा गरम वायू बाजूने निसटतो आणि नळीच्या आट्यांत शिसे लेपून बसते. मग ते ब्रशने खरवडायचे, म्हणजे पुन्हा धूळ. याच वेळी गोळीच्या खाचांत मधमाशांच्या मेणाचे वंगण भरतात. एका संध्याकाळी तीनशे गोळ्या केल्या, तर जवळजवळ पाच किलो शिसे बोटांखालून जाते. बोटे मेणाने चिकट, त्यावर शिशाची करडी झाक. त्याच बोटांनी बिस्कीट.

धूर दिसत नाही, मग भीती कसली?

या छंदातल्या जाणत्या माणसाला विचारा. तो म्हणेल, आमचे भांडे चारशे अंशांच्या वर जात नाही. शिशाची वाफ लक्षात येण्याइतकी उठते ती पाचशेच्या पुढे. त्याचे म्हणणे खोटे नाही. भांड्यावर तापमापक असेल आणि दार-खिडक्या उघड्या असतील, तर नाकावाटे जाणारे शिसे बरेच कमी असते. चूक होते ती पुढे. नाक सांभाळले म्हणजे सगळे सांभाळले, असे तो धरून चालतो.

ती करडी मळी म्हणजे शिशाचे भस्मच. पिठासारखी बारीक. पळीने काढून डब्यात टाकताना उडते, झाडूने झाडताना उडते, शर्टाच्या बाहीवर, मोबाइलवर, दाराच्या कडीवर बसते. तिला वास नाही आणि चव जाणवत नाही. गोळ्या झाडल्यानंतरची रिकामी पितळी काडतुसे फिरत्या डब्यात घालून घासतात, त्यातून निघणारी धूळही तशीच. काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या मसाल्यात शिशाचे संयुग असते.

ही गोष्ट आजची नाही. बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेचे थोर पुढारी मूळचे छापखान्यातले कामगार. १७८६ साली त्यांनी एका मित्राला शिशाच्या विषाबद्दल पत्र लिहिले आणि त्यात १७२४ सालची लंडनमधली आठवण सांगितली. ओले खिळे विस्तवासमोर वाळवायची तिथे पद्धत होती आणि थंडीत ते गरम खिळे हाताळायला बरे वाटत. एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना टोकले, की असे करू नकोस, हातातली ताकद जाईल, आपल्यातल्या दोघांची तशी गत झाली आहे. फ्रँकलिनना स्वतःच्या हाताच्या हाडांतही ठणका जाणवत होता. पुढे त्यांनी शेजारच्या खिळे ओतणाऱ्या कारखानदाराला विचारले, की तुझी माणसे तर दिवसभर वितळलेल्या धातूवर वाकलेली असतात, त्यांना काही होत नाही का? त्याने वाफेचा धोका हसण्यावारी नेला. त्याच्या मते दोष गबाळ्या कामगारांचा होता. ते धातू हाताळून बोटे न धुता जेवायला बसतात आणि पावाबरोबर शिसे खातात. फ्रँकलिनना हे पटले, तरी वाफेची धास्ती त्यांनी सोडली नाही. दोघांचेही बरोबर होते. साठ वर्षे माहीत असलेली गोष्ट लोक अजून आचरणात आणत नाहीत, याची खंत त्या पत्राच्या शेवटी आहे. त्या पत्रालाच आता सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली.

ज्यांनी आपल्या गावात खिळे जुळवणारे छापखाने पाहिले आहेत, त्यांना खिळेजुळाऱ्यांची काळी पडलेली बोटे आठवत असतील. डाव्या हातात पट्टी, उजव्या हाताने घरातले खिळे टिपायचे, आणि मधूनच डाव्या तळव्यावर तंबाखू मळायची.

शरीरात काय होते

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. रक्तातून ते हाडांत जाऊन बसते. मोठ्या माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांतच असते. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटते तेव्हा त्याच्याबरोबर जुने शिसेही सुटते. लग्नाआधी केलेल्या कामाचे देणे असे पुढच्या पिढीला फेडावे लागते.

रक्तातला लाल रंग तयार होण्याच्या कामात शिसे खोडा घालते, म्हणून रक्तक्षय होतो. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन तो भरून येत नाही. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, पुरुषाच्या वीर्यावर परिणाम होतो. प्रमाण फार वाढले, की पोटात मुरडा मारून असह्य कळा येतात आणि शौचाला होत नाही. या कळा इतक्या जोरदार असतात, की अपेंडिक्स समजून पोट उघडल्याची उदाहरणे वैद्यकीय पुस्तकांत आहेत. मनगटाची नस गेली, की हात पुढे केल्यावर पंजा खाली लोंबतो. पण एवढ्यापर्यंत थोडेच लोक येतात. बाकीचे "हल्ली थकवा येतो, चिडचिड होते, सांधे दुखतात" एवढेच सांगतात. तुम्ही शिशाचे काम करता का, हे आम्ही डॉक्टर विचारत नाही, हा आमचा दोष.

रक्तातले शिसे मोजतात ते दर १०० मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम, अशा हिशेबाने. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की हा आकडा ५ किंवा त्याहून जास्त आला तर शिसे कुठून येते ते शोधून ते बंद करावे. मुलांसाठी अमेरिकेने त्याच वर्षी ३.५ ही रेघ ठरवली. या रेघेखाली धोका नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. सुरक्षित असा आकडाच आजवर सापडलेला नाही. आता सोपे गणित करा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यात ५ चा आकडा यायला पाव मिलिग्रॅम शिसे पुरते. म्हणजे सोळा ग्रॅमच्या एका गोळीतले शिसे कागदावर तरी सुमारे साठ हजार माणसांचे रक्त ५ वर नेऊन ठेवील. हा हिशेब घाबरवण्यासाठी सांगत नाही. बोटाला लागलेली नुसती करडी झाकही पुष्कळ असते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

फरशीवरची मुलगी

गुरुजींच्या नातीकडे माझे लक्ष आधी गेले, त्याचे कारण असे. मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी दहावा हिस्सा शोषून घेतो, लहान मूल चाळीस ते पन्नास टक्के घेते. पोट रिकामे असेल, अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. आपल्याकडच्या मुलांत लोहाची कमतरता किती आहे हे वेगळे सांगायला नको. मूल रांगते ते जमिनीवर, आणि दिवसातून शंभर वेळा हात तोंडात घालते. शिसे त्याच्या वाढत्या मेंदूवर घाव घालते आणि तो घाव बाहेरून दिसत नाही. मूल आजारी पडत नाही, ते शाळेत मागे पडते. आपण त्याला आळशी म्हणतो.

वडील गॅरेजमधून त्याच कपड्यांनी घरात येतात आणि मुलीला उचलून घेतात, एवढ्यानेही ते पोचते. शिशाच्या कामगारांच्या मुलांच्या रक्तात शिसे सापडते ते याच वाटेने.

गुरुजींनी विचारले, की मारलेल्या जनावराच्या मांसातून जाते का? जाते. २००८ साली अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटण्यासाठी आलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्स-रे एका डॉक्टरांनी काढले, तेव्हा त्यात शिशाचे बारीक कण चमकले. नंतर ७३८ लोकांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे थोडे जास्त होते, सरासरीने ०.३. वेगवान रायफलची गोळी फुटून कणकण होते, ही जाड संथ गोळी त्या मानाने कमी फुटते. कॅलिफोर्नियाने तर २०१९ च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळ्याच बंद केल्या. तिकडची दुर्मिळ काँडोर गिधाडे असे मांस खाऊन मरत होती. पण या घरात मला काळजी वाटली ती मांसापेक्षा फरशीची.

आपल्या गावात

बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात जा. जुनी बॅटरी फोडून पट्ट्या वेगळ्या करतात, खांब नवे ओततात, पट्ट्या ज्योतीने जोडतात. इथे फ्रँकलिनची वाफही आली, कारण ज्योतीखाली शिसे चारशे अंशांवर थांबत नाही. रेडिएटर झाळणारे आहेत, भांड्याला डाख लावणारे आहेत, फेकजाळ्याच्या कडेची वजने परसात चुलीवर ओतणारे मासेमार आहेत. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे शिशाचे पेट्रोल २००० साली गेले, बॅटऱ्या मात्र घरोघर आल्या.

आणि आपण जेवतो हाताने. हात धुऊन जेवायची आपली चाल चांगलीच आहे, पण तंबाखू मळायच्या आधी हात कोण धुतो? चुना आणि तंबाखू तळव्यावर अंगठ्याने रगडताना तळव्याच्या रेषांत बसलेले शिसे पुरते निघून येते, आणि चिमूट जाते ती थेट ओठाखाली. फ्रँकलिनच्या त्या कारखानदाराला पावाची काळजी होती. त्याने तंबाखूची चिमूट पाहिली असती, तर काय म्हटले असते कोण जाणे.

गुरुजींच्या मुलाला मी जे कळवले ते इथल्या दुकानदारांनाही लागू आहे. ओतण्याच्या जागी खाणे, पिणे, विडी, तंबाखू काही नको, पाण्याची बाटलीही बाहेर. काम झाल्यावर साबणाने बोटांच्या बेचक्या आणि नखे घासून हात धुवायचे, मग तोंड. कामाचे कपडे व चपला तिथेच सोडायच्या, कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. मळी झाकणाच्या डब्यात ठेवायची. नाकाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही, मोकळी हवाच बरी. ओतायचे भांडे आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात कधीच जाऊ द्यायची नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उडतो. कपाळावरचा घामही पुरतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. बॅटरीच्या पट्ट्या तर घरी वितळवूच नयेत. त्यांतून आर्सेनिकचा विषारी वायू निघू शकतो. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी.

तपासणी साधी आहे. दंडातल्या शिरेतून रक्त काढून त्यातले शिसे मोजायचे. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळून आकडा फुगू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या प्रयोगशाळा नमुना बाहेर पाठवून ही तपासणी करून देतात. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती फार वाढलेल्या आकड्यासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काम तसेच चालू ठेवून औषध घेणे म्हणजे एका बाजूने उपसायचे आणि दुसऱ्या बाजूने ओतायचे. बाकीच्यांनी शिशाचा संबंध तोडावा आणि जेवणात लोह व कॅल्शियम राहील असे पाहावे. नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, दूध, मटकी आपल्या घरात असतातच. उपाशीपोटी कामाला बसू नये.

गुरुजींच्या मुलाने सुरुवातीला फोनवर थोडी कुरकूर केली. भांड्याला तापमापक आहे, दार उघडे असते, वगैरे. सुनेने मात्र त्याच आठवड्यात तिघांचे रक्त तपासून घेतले. मुलाचा आकडा २१ निघाला, सुनेचा ४, नातीचा ६. गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. या खेपेच्या फोटोत टेबल परसातल्या शेडमध्ये होते, बिस्किटे नव्हती, आणि दाराला बाहेरून कडी घातलेली. गॅरेजची फरशी सुनेने तीनदा ओल्या फडक्याने पुसून घेतली आहे. नातीची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे.